पाचव्या पेरानंतर

१

अहवाल दीड पानाचा होता आणि त्यातलं एकच वाक्य कामाचं होतं. तीन नंबरच्या बागेतल्या द्राक्षांत वाढरोधक सापडलं होतं. थोडंसंच, पण परदेशातल्या खरेदीदाराला ते थोडंसंही चालत नाही. दहा दिवसांत तोडणीला येणारा माल त्या वाक्यापायी वेलीवरच अडकून पडला.

माल परदेशी पाठवणाऱ्या पॅकहाऊसनं मला बोलावलं, कारण निवृत्त बाई म्हणजे रिकामी बाई असा त्यांचा समज आहे. तीस वर्षं मी प्रयोगशाळेत द्राक्षं कुटून त्यांतली औषधं मोजली. आता माणसं तपासायला पाठवतात. माणसं कुटता येत नाहीत, एवढीच काय ती अडचण.

ज्यांना द्राक्ष फक्त खायचं ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगते. वेलीला संजीवकं देतात. जिब्रेलिक नावाचं संजीवक, बागेतल्या भाषेत जीए, वेलीला ताणतं, घडाचा देठ लांबवतं, मणी फुगवतं. ते चालतं, फक्त नोंद ठेवावी लागते. वाढरोधक त्याच्या उलट. ते वेलीला आखडून धरतं, पानांचा माज उतरवतं. एकेकाळी सगळे मारायचे. या भागात ते बंद झाल्याला बारा वर्षं झाली.

"मॅडम, चोर सापडलेलाच आहे," बागायतदाराचे चिरंजीव म्हणाले. सहा फूट दोन इंच उंची, ऑफिसच्या दारातून येताना मान वाकवायची सवय. "तुम्ही फक्त कागदावर आणा."

"मग मला कशाला बोलावलंय? टायपिस्ट बोलवायचा."

चिरंजीवांना विनोद आवडला नाही. चोर म्हणजे त्यांचा फवारणीवाला. सव्वीस वर्षं याच बागेत औषधं कालवणारा आणि मारणारा माणूस. खिशात कायम टाचणी घेऊन फवाऱ्याची तोंडं साफ करत बसतो, म्हणून सगळे त्याला नोझल म्हणतात. चिरंजीव परवापर्यंत नोझलकाका म्हणायचे. अहवाल आला आणि काका गेला.

"त्याला काय मिळणार होतं?" मी विचारलं.

"वाढ आखडली की शेंडे खुडायचं काम निम्मं. खुडायचा ठेका त्याच्या बायकोच्या टोळीकडे. काम कमी, ठेका तेवढाच. सरळ आहे."

टेबलावर काचेच्या गोट्याखाली एक पत्र टाइप होऊन पडलं होतं. नोझलला कामावरून काढलं आहे, सोमवारपर्यंत पंपाच्या शेडमागची खोली सोडावी, कारण बंदी असलेल्या औषधाचा चोरून वापर. खाली सहीची जागा मोकळी. बाग अजून वडिलांच्या नावावर होती आणि वडील, म्हणजे आबा, शेजारीच खुर्चीत बसले होते. स्वच्छ सदरा, मोठे कान, थोडं बोलणं.

"दोन दिवस झाले, सही करा म्हणतोय," चिरंजीव म्हणाले.

"हात दुखतोय रे," आबा म्हणाले.

मी छाटणीची तारीख विचारली. कॅलेंडर आबांच्या डोक्यावरच्या खिळ्याला होतं. त्यांनी आतल्या खोलीतून सुनेला हाक मारली, ती आली, टाचा उंचावून तिनं ते काढून दिलं. छाटणी चार तारखेची. डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, फुटले तेरा तारखेला. त्याच खिळ्याला फवारणीची वही अडकवलेली होती, तीही मी मागून घेतली.

वही नोझलच्या हातची. तारीख, रांगा, औषध, प्रमाण, वेळ, कोणी मारलं, असे रकाने. अक्षर बारीक आणि दाटीवाटीचं, समासही वाया न घालवणारं. वाढरोधकाचं नाव कुठंही नव्हतं. पण त्या महिन्याची चोवीस तारीख आणि एकतीस तारीख यांच्यामध्ये एक ओळ कोरी होती.

अख्ख्या वहीत तेवढी एकच.

२

नोझल शेडमध्ये पालथ्या बादलीवर बसला होता. हातात टाचणी होतीच.

"वाढरोधक तुम्ही मारलंत?"

"नाही."

"मग कोणी?"

"ते मला विचारू नका, बाई."

"सोमवारी खोली जाईल."

"सोमवार अजून आलेला नाही."

अशा माणसांचा मला मनापासून वैताग येतो. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं, गप्प बसणाऱ्याचं करायचं काय? "हे पत्र बाहेर गेलं तर एकही बागायतदार तुमच्या हातात पंप देणार नाही," मी म्हणाले. "कळतंय ना?"

टाचणी थांबली. "कळतंय. सव्वीस वर्षं या हातांनी औषध मोजलं, कोणी बोट दाखवलं नाही. आता माझी बायको दुकानात जायचं टाळते. मला राग आलाय, बाई. फार राग आलाय. पण मी बोलणार नाही."

"वहीत एक ओळ कोरी आहे. लिहायची विसरलात?"

"मी विसरत नाही," तो म्हणाला आणि पुन्हा टाचणी चालवू लागला.

औषधांच्या कोठीची किल्ली सूनबाईंच्या कमरेला होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, बुटकी, चटपटीत मुलगी. बागेचा सगळा पत्रव्यवहार तिच्याकडे. द्राक्षातलं काही कळत नाही हे तिनं स्वतःच सांगून टाकलं.

"सगळे म्हणतात जीए दिलं, सीए दिलं. मी आपली टाइप करते. वरच्या फळीवरचं काही हवं असलं तर मात्र मला सांगू नका, मला स्टूल लागतं."

मी खालच्या फळीकडे वाकले. गुडघ्यानं कुरकुर केली, मी दुर्लक्ष केलं. खताच्या पोत्यांमागं धुळीत एक गोल डाग होता, बाटलीच्या बुडाएवढा.

"इथं काय होतं?"

"जुनाट बाटली. लेबल केव्हाच गळून गेलेलं. मी आल्यापासून फेका म्हणतेय."

"कुठं गेली?"

"फेकली असेल कोणीतरी. सुतळी दे, पाना दे, खिळे दे, रोज कोणी ना कोणी किल्ली मागतं. मी देते. घरच्यांना काय पावती मागू?"

"चोवीसनंतरचा तो आठवडा आठवतोय? नोझल काय करत होते?"

ती थांबली. मग कपाळावर हात मारला. "अगं बाई! ते नव्हतेच की. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पंचवीसला गेले ते तीसला संध्याकाळी आले. आणि ट्रॅक्टरचा पंपही तेव्हा दुरुस्तीला होता. मीच गॅरेजला फोन करत होते."

"हे नवऱ्याला सांगितलंत?"

"सांगितलं. तो म्हणाला, औषध त्याच दिवशी मारलं हे कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. चिरंजीव रागीट असतील, पण बिनडोक नव्हते.

३

दुपारी सल्लागार आला. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात आणि तो नाही म्हणत नाही. पंधरा दिवसांनी एकदा येतो, कोणतं संजीवक किती द्यायचं ते कागदावर लिहून देतो. बुटांना चिखल लागू नये म्हणून रांगेच्या टोकाशीच उभा राहतो.

"त्या नोझलचं कामात लक्ष नाही, मी आधीच म्हणत होतो," तो म्हणाला. "घड मोकळे व्हावेत म्हणून मी जिब्रेलिक लिहून दिलं. सगळ्या बागेत छान लागू पडलं. घराकडच्या सात रांगांत मात्र घड बघा, मूठ आवळल्यासारखे. तिथं त्यानं फवारलंच नसणार."

"सातच रांगांत?"

"सातच."

"आणि तुम्ही बिनलेबलाचं टॉनिक दिलं होतंत ना? त्याची नवी बाटली शेडमध्ये रिकामी पडलेली पाहिली मी."

डॉक्टरांच्या कपाळाला घाम आला. "टॉनिक म्हणजे... समुद्री शेवाळाचा अर्क आहे तो. म्हणजे मला तसंच सांगितलंय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ज्यानं मला विकलं त्यानं."

त्याला तिथंच सोडून मी सात रांगांत शिरले. त्या आबांच्या व्हरांड्यासमोरच होत्या, बागेतल्या सगळ्यांत जुन्या, मनगटाएवढ्या खोडांच्या. तिथं माझा खरा साक्षीदार उभा होता. त्याला प्रश्न विचारावे लागत नाहीत.

वेलीची काडी वाढते तेव्हा एक पेर, एक पान, पुन्हा एक पेर, पुन्हा एक पान, असं करत जाते. या हवेत साधारण तीन दिवसांत एक. जोरात असली तर पेर लांब, आखडली तर आखूड. एकदा काडी कडक झाली की त्यात बदल करता येत नाही. वहीतलं पान फाडता येतं, काडीचं फाडता येत नाही.

मी खिशातली पट्टी काढली. पहिलं पेर, दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं, सगळी बोटाएवढी लांब. सहावं नखाएवढं. सातवं आणि आठवंही तसंच. नवव्यापासून पुन्हा लांब. दुसऱ्या वेलीवर तेच. सातही रांगांत तेच. आठव्या रांगेत मात्र काही नाही, सगळी पेरं सारखी.

पाच पेरं म्हणजे पंधरा दिवस. तेरा तारखेला डोळे फुटले, म्हणजे औषध पडलं अठ्ठावीसच्या आसपास. डॉक्टरांच्या कागदावर सव्वीस तारखेच्या भेटीत 'सरासरी पाच पानं' असं लिहिलेलंच होतं. नोझल तेव्हा दवाखान्यात बायकोच्या डोळ्यांत थेंब घालत होता.

तो सुटला. पण मी पट्टी खिशात ठेवली नाही, कारण आणखी एक गोष्ट जुळत नव्हती. या बागेत काड्या तिरप्या तारांवर चढवलेल्या आहेत. सगळ्यांत खालची तार छातीशी, सगळ्यांत वरची डोक्याच्याही वर हातभर. खालच्या तारांवरच्या काड्या आखडल्या होत्या. वरच्या तारेवर एकही नाही.

४

मी परत शेडमध्ये गेले आणि न विचारता दुसऱ्या बादलीवर बसले.

"तुम्ही नव्हता तेव्हा औषध मारलं गेलं," मी नोझलला म्हणाले. "तुम्ही परत आलात, आठवड्याभरानं काड्या बघितल्यात आणि ओळखलंत. एकतीसची नोंद करताना जागा सोडली नव्हती, नंतर पान पुन्हा लिहून काढलंत. त्या पानावरची सगळी शाई एकाच दिवसाची आहे."

तो टाचणीचं टोक न्याहाळत राहिला. नाकारलं नाही.

"त्या ओळीत काय लिहायचं होतं?"

"ज्यानं मारलं त्यानं लिहावं," तो म्हणाला. "मी त्यांच्याकडूनच शिकलो, मारलेलं औषध लिहायचं, लपवायचं नाही. चुकलं असलं तरी लिहायचं. अहवाल आला तेव्हा त्यांच्यासमोर मला चोर म्हटलं गेलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. ते जमिनीकडे बघत होते. मी सोमवारपर्यंत थांबतोय, बाई. मला बघायचंय."

"आणि नाहीच बोलले तर?"

"तर मी सामान बांधीन. सव्वीस वर्षं ज्याला मानलं तो माणूस असा निघाला, हे मी माझ्या तोंडानं सांगत फिरणार नाही."

मी उठले. माझा स्वभाव असा की अशा वेळी सरळ जाऊन नाव सांगून टाकावं. काम संपतं, संध्याकाळची गाडी मिळते. पण बादलीवरच्या त्या माणसानं नोकरी पणाला लावून एका उत्तराची वाट बघितली होती. ते उत्तर माझ्या तोंडून आलं असतं तर त्याला काहीच मिळालं नसतं.

"चार वाजता ऑफिसात या," मी म्हणाले. "सगळे असतील."

५

सगळे होते. चिरंजीव उभे, डॉक्टर दाराजवळ, सूनबाई स्टुलावर, नोझल उंबऱ्याबाहेर. आबा त्यांच्या खुर्चीत, डोक्यावर तोच खिळा, त्याला सूनबाईंनी पुन्हा अडकवलेली वही. मी सात रांगांतून कापून आणलेली काडी टेबलावर, त्या पत्राशेजारी ठेवली.

"ही वाचा," मी चिरंजीवांना म्हणाले आणि पेरं मोजून दाखवली. अठ्ठावीस तारीख आली तेव्हा त्यांची मान उंबऱ्याकडे वळली आणि लगेच परत फिरली.

"म्हणजे हा नाही?"

"हा नाही. त्या दिवशी तो इथं नव्हता. डॉक्टरांचं टॉनिकही नाही, कारण वहीप्रमाणे ते ट्रॅक्टरच्या पंपानं सगळ्या बागेवर मारलं. हे औषध फक्त सात रांगांत पडलंय. पाठीवरचा पंप घेऊन कोणीतरी पायी फिरलं."

डॉक्टरांनी रुमाल काढला. मी त्यांना तेवढ्यानं सोडणार नव्हते. "टॉनिकची बाटली मात्र मी प्रयोगशाळेत पाठवतेय." रुमाल पुन्हा कपाळाला गेला.

"मग कोण?" चिरंजीव म्हणाले.

"फवारणाऱ्याचा हात वरच्या तारेपर्यंत गेलेला नाही. तुम्ही असता तर वरच्या काड्या आधी भिजल्या असत्या."

सूनबाई स्टुलावरून उठल्या. "म्हणजे मी? अहो, मला त्या बाटलीत काय होतं तेही माहीत नाही!"

"तेच तर. बाटलीला लेबल नव्हतं. तरी औषध बरोबर पाच पानांवर पडलंय, एकही पान जळलेलं नाही, प्रमाण थेंबाचंही चुकलेलं नाही. हे काम सराईताचं आहे. बाटली न वाचता ओळखणारा माणूस. ज्यानं ते औषध बंद व्हायच्या आधी वर्षानुवर्षं वापरलं. आणि ज्याचा हात आता खांद्याच्या वर जात नाही."

इथं मी थांबले. टेबलावरचा काचेचा गोटा उचलला, पुसला, परत ठेवला. कोणाकडेही बघितलं नाही. पुढचं वाक्य माझं नव्हतं.

बाहेर कोणीतरी नळ सोडला होता, बादली भरल्याचा आवाज येत होता. चिरंजीवांना कळलं होतं, पण ते कळून घ्यायला तयार नव्हते. "मॅडम, काहीतरी चुकतंय तुमचं," ते म्हणाले.

"सूनबाई," आबा म्हणाले. "ती वही काढून दे. माझा हात पोचत नाही."

तिनं वही काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. आबा बोलू लागले ते वहीकडे बघत.

"त्या रांगा मी लावल्या. तुझ्या जन्माच्या आधी. समोर बसलो की दिसायचं, नुसतं पान माजतंय, घडाला काही मिळत नाही. तुला दोनदा सांगितलं. तू म्हणालास, आबा, तुम्ही बसा. डॉक्टरांना सांगितलं, ते हसले. मग म्हटलं, बसतो कशाला? सुतळीच्या निमित्तानं किल्ली घेतली. बंदी आहे ते ऐकलं होतं. सात रांगांनी काय होतंय, असं वाटलं. खरं सांगायचं तर पंप पाठीवर घेतला तेव्हा फार बरं वाटलं रे. किती वर्षांनी."

"आणि याला चोर म्हणत होतो तेव्हा?" चिरंजीवांचा आवाज चिरकला. "तेव्हा का नाही बोललात?"

"लाज वाटली," आबा म्हणाले. "आधी तुझी. मग याची. दिवस गेला तशी जास्तच वाटायला लागली. सही मात्र झाली नाही हातानं."

नोझल उंबऱ्यातून आत आला. खिशातलं पेन काढून त्यानं आबांसमोर धरलं. आबांनी कोरी ओळ शोधली. त्यांना ती लगेच सापडली, म्हणजे आधी बघितलेली असणार. त्यांनी सावकाश लिहिलं. तारीख अठ्ठावीस. रांगा एक ते सात. औषधाचं जुनं नाव, प्रमाण. 'कोणी मारलं' या रकान्यात स्वतःचं नाव, पूर्ण.

नोझलनं वही घेतली आणि वाचली. "वेळ राहिली, आबा."

"सकाळची. सातची." आबा थांबले. "तू असतास तर मारू दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

आबांनी वेळ लिहिली. चिरंजीवांनी टेबलावरचं पत्र उचललं, दोनदा फाडलं आणि तुकडे हातातच धरून उभे राहिले. "काका," ते म्हणाले, "झालं ते... उद्यापासून या कामाला."

"तीन दिवस तुम्ही मला चोर म्हणालात," नोझल म्हणाला. "वहीत त्याला रकाना नाही."

चिरंजीवांची मान दारातून येताना वाकते त्याहून खाली गेली. "माझं चुकलं, काका. मी बायकोचं ऐकलं नाही, तुम्हाला विचारलंच नाही. काकूंना मी स्वतः येऊन सांगतो."

"आज या. उद्या नको."

"आज येतो."

बाकी काम साधं होतं. औषध सातच रांगांत होतं. ते घड वेगळे केले, उरलेल्या बागेचा नमुना पुन्हा तपासला, तर माल सुटण्याची आशा होती. तोडणीत गल्लत होऊ नये म्हणून त्या सात रांगांतल्या प्रत्येक घडाला लाल फीत बांधणं भाग होतं. मी तसं लिहून दिलं आणि गाडीची वाट बघत व्हरांड्यात बसले.

नोझल फितींचा गठ्ठा घेऊन पहिल्या रांगेत शिरला होता. थोड्या वेळानं आबा उठले, काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि त्याच्या मागं गेले. नोझलनं मागं वळून बघितलं नाही. निम्म्या फिती तोडून नुसता हात मागं केला. आबांनी त्या घेतल्या.

गाडी येईपर्यंत त्यांच्या दोन रांगा झाल्या होत्या. खालच्या घडांना आबा फीत बांधत होते, वरच्यांना तो.